अक्काताईंचे हात आणि माशांची काच

रुखवतात काय मांडावे याला तसा नियम नाही. तरीही निपाणीच्या त्या मंगल कार्यालयात, शंकरपाळ्यांनी रचलेल्या बंगल्याशेजारी दोन फुटांची काचेची टाकी, टाकीत पाणी आणि पाण्यात नऊ मासे दिसले, तेव्हा बायका पंगतीतून उठून बघायला आल्या. नवरीचे वडील केदारी टाकीजवळून हलायला तयार नव्हते. बेळगावच्या वडगावात त्यांचे दोन यंत्रमाग होते. त्यांनी स्वतः काचा कापून आणून, चिकटवून ती टाकी लेकीसाठी बनवली होती आणि टेम्पोत शेजारी बसून, वाटेतला प्रत्येक खड्डा चुकवायला सांगत, निपाणीपर्यंत आणली होती.

"अक्काताई, सून आणलीस का कोल्हापूरचा रंकाळा तलाव?" शेजारच्या बायाक्काने भर मांडवात विचारले.

"रंकाळा आसंना का. तुज्या तोंडासारखा बारा म्हैने वाहत तर न्हाय," अक्काताई म्हणाल्या, आणि सगळ्याजणी हसल्या.

हसता हसता अक्काताई मनातून मात्र बावरल्या होत्या. भांडी, कपाट, गादी हे त्यांना कळत होते. जिवंत रुखवत त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

अक्काताईंचे वय पंचावन्न. त्यातली अडतीस वर्षे त्यांनी बिड्या वळल्या. घराच्या पुढच्या खोलीत, दाराच्या उजेडात त्यांची बैठक असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पाने. पान घ्यायचे, तंबाखूची चिमूट पसरायची, वळायचे, दोरा बांधायचा, नखाने तोंड मुडपायचे. हे करताना त्या हाताकडे बघत नसत. रस्त्यावरच्या माणसाशी बोलत, आतल्या दुधाकडे कान ठेवत आणि बिडी आपोआप तयार होऊन सुपात पडे. कारखान्यात तपासणीला बसलेला माणूस त्यांचा माल न उघडता पुढे सरकवत असे. नवरा गेला तेव्हा युवराज पाच वर्षांचा होता. तो शाळा शिकला, आय.टी.आय. झाला, आणि आता कोगनोळीचा नाका ओलांडून रोज कागलच्या कारखान्यात पाळीवर जात होता. हे सगळे त्या सुपातून निघाले होते. अक्काताईंच्या बोटांची पेरे तपकिरी झाली होती. लग्नाकार्यातही त्यांनी ती कधी पदराखाली लपवली नाहीत.

सून रचना बोलायला कमी. कामाला वाघीण होती, पण विचारले तेवढेच उत्तर द्यायची. टाकी तिने पुढच्या खोलीतच मांडली, कारण टेबल मावायला तीच भिंत मोकळी होती. सकाळी उठून ती आधी माशांपाशी जायची आणि त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलायची. तिने त्यांना लुगड्यांच्या रंगांची नावे ठेवली होती. एक राणी, एक मोरपंखी, एक अबोली, एक आमसुली. मोठ्या केशरी माशाचे नाव जरीकाठ. अक्काताई चुलीपुढे बसून हे ऐकायच्या आणि त्यांना वाटायचे, ही पोरगी माशांशी बोलते त्यातले चार शब्द माझ्या वाटणीला आले तर काय बिघडेल?

लग्न वैशाखात झाले. पाठोपाठ आखाड आला. पहिल्या आखाडात नव्या सुनेने सासूच्या तोंडासमोर राहायचे नाही, माहेरी जायचे, ही इकडची रीत. पुढे लगेच नागपंचमी. तीही माहेरीच करून यायची. म्हणजे महिन्याच्या वर रचना घरात नसणार होती. जाताना तिने वहीचे एक पान फाडून त्यावर लिहून ठेवले आणि टाकीच्या कडेला चिकटवले. अक्काताई चौथी शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून वाचले.

खाणे चमच्यानेच घालणे. लाईट फक्त संध्याकाळी. काचेला हात लावू नये, मी आल्यावर बघते.

शेजारी छोटा प्लास्टिकचा चमचा ठेवला होता. कोपऱ्यात पाण्याची भरलेली बादली झाकून ठेवली होती. पाणी बदलायचे तर त्यातले, असे तिने युवराजला सांगितले होते.

"चमचा कशाला?" रचना गेल्यावर अक्काताई युवराजला म्हणाल्या. "माज्या हाताचं खाऊन तू यवढा घोडा झालास. त्यास्नी चमचा पाहिजे?"

"आई, लिवलंय तसं कर की. माशांचं तुला काय कळतंय?"

"मला काय कळतंय, हे मला म्हाईत न्हाय. पण उपाशी न्हाय ठेवणार."

चमचा त्यांनी वापरला. मनाला मात्र तो कुठेतरी लागला. लाईटचे मात्र त्यांनी ऐकले नाही. आखाडातले दिवस, दिवसभर आभाळ भरून आलेले. दुपारी बारालाही खोलीत अंधार. एवढ्या अंधारात मुकी जनावरे घाबरतील, म्हणून त्या सकाळी उठल्याबरोबर टाकीचा दिवा लावायच्या आणि निजताना बंद करायच्या. दहाव्या-बाराव्या दिवशी काचेवर हिरवट सावली आली. मग ती दाट झाली. मासे शेवाळलेल्या विहिरीत पोहल्यासारखे दिसू लागले. बायाक्का येऊन डोळे बारीक करून म्हणाली, "आत मासं हाईत का मेथीची भाजी?"

त्याच संध्याकाळी युवराज जेवताना फोनवर बोलत होता. हात खरकटा, म्हणून फोन ताटाशेजारी ठेवलेला, आवाज मोठा. रचनाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. वडिलांना ती आप्पा म्हणायची आणि सासूला आत्ती. "टाकी परत वडगावला नेऊया. आप्पा यायलेच हाईत मला सोडायला. आत्तींच्या मागं ते कशाला?"

युवराज "बघू, बघू" म्हणाला आणि आमटी ओरपू लागला.

अक्काताईंच्या हातातला घास तसाच राहिला. रुखवत परत न्यायचे? भांडे परत नेले तर लोक भांड्याविषयी बोलतात. ही टाकी परत गेली तर त्या पोरीचे सकाळचे बोलणेही तिच्याबरोबर जाणार. ती इथे राहील, स्वयंपाक करील, पण मन वडगावच्या घरी ठेवून. नाही. टाकी इथेच राहिली पाहिजे. आणि ती राहायची तर पोरगी परत येईल तेव्हा काच अशी पाहिजे, की तिला वाटले पाहिजे, आपले मासे आपल्याच घरी होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार. युवराज सकाळच्या पाळीला गेला. अक्काताईंनी शंभरेक बिड्या वळल्या, मग सूप बाजूला केले. काचेला लावायला मऊ कापड पाहिजे. घरात सगळ्यात मऊ फडके म्हणजे पाने गुंडाळायचे, वर्षानुवर्षे भिजून लोण्यासारखे झालेले. त्यांनी ते दोनदा पिळून काढले. साबण लावला नाही, कारण साबणाने मासे मरतात हे त्यांना ऐकून माहीत होते. हात नुसते पाण्याने खळबळून त्यांनी कोपरापर्यंत टाकीत घातले आणि काच पुसायला घेतली.

शेवाळ भराभर निघाले. पुढची काच अर्धी स्वच्छ झाली तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या. "एवढंच हुतं व्हय!"

मग त्यांना मोरपंखी दिसली. ती एका अंगावर कलंडली होती आणि तिची शेपटी थरथरत होती. अबोली वर येऊन तोंड उघडत होती. जरीकाठसुद्धा एका जागी उभा राहून डुलू लागला होता.

अक्काताईंनी हात बाहेर काढला. तसाच पदर खोचून त्या बसस्टँडच्या मागे भरमूच्या दुकानाकडे निघाल्या. निपाणीत रंगीत मासे विकणारे ते एकच दुकान त्यांना माहीत होते. भरमू चाळिशीचा, पोट सुटलेला आणि जीभही सुटलेली. तो एका गिऱ्हाईकाला पिशवीत मासे बांधून देत होता.

"आक्का, तळायचं मासं पुढच्या गल्लीत."

"चेष्टा बाजूला ठेव रं बाबा. सुनेचं मासं आडवं पडाय लागल्यात. काच पुसली फकस्त."

भरमूचा चेहरा बदलला. "कशानं पुसली? साबण लावलासा?"

"थेंबभर न्हाय."

"हिट मारलं? उदबत्ती?"

"कायबी न्हाय. हातानं पुसली."

भरमू पुढे झाला, त्यांच्या ओल्या हाताचा वास घेतला आणि मागे सरकला. "आक्का, बिड्या वळताय न्हवं?"

"अडतीस वरसं झाली. का?"

"तुमच्यात शेतावर किडीला काय मारायची आधी?"

अक्काताईंच्या माहेरी बोरगावला त्यांचा भाऊ तंबाखूच्या काड्या उकळून ते पाणी पिकावर मारायचा. मारून झाल्यावर पोरांना शेतात जाऊ द्यायचा नाही. हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. आपला हात म्हणजे तेच पाणी, हे मात्र इतक्या वर्षांत कधी मनात आले नव्हते.

"बसू नका," भरमू म्हणाला. "साठवलेलं पाणी हाय का घरात? नळाचं ताजं नको."

"बादलीभर झाकून ठेवलंय तिनं."

"बेस. ही नळी घ्या. टाकीतलं अर्ध्याच्या वर पाणी काढा आन् बादलीतलं सावकाश वता. आन् हात आत घालायचा न्हाय. बोटबी न्हाय. तोंडानं नळी वढू नका, नळी पाण्यानं भरून घ्या, बाहेरचं तोंड दाबून खाली न्या आन् सोडा. तुमच्या शेजारच्या बायाक्काला बोलवा. तिच्या हाताला तंबाखू न्हाय, नुसती जिभेला हाय."

बायाक्का आली. एरवी तिने ऐकवले असते, पण त्या दिवशी ती मुकाट नळी धरून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत सात मासे सावरले. मोरपंखी आणि अबोली मात्र गेल्या. अक्काताईंनी त्यांना घरामागच्या परड्यात जास्वंदीच्या बुंध्याशी पुरले. माती दाबताना त्यांनी आपले हात पाहिले. या हातांविषयी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटले.

"त्यात काय एवढं?" बायाक्का म्हणाली. "भरमूकडनं तसंच दोन आण आन् सोड. तिला काय आधारकार्ड दिसायचंय माशाचं?"

रात्रभर तो विचार अक्काताईंच्या डोक्यात फिरला. हजार बिड्यांच्या ढिगात दुसऱ्या बाईची एक बिडी मिसळली, तर त्यांना ती हाताला लागताच कळायची. मग ती पोरगी आपली मोरपंखी ओळखणार नाही? आणि ओळखून गप्प बसली, तर मग पुढची सगळी वर्षे ती गप्पच बसेल.

सकाळी त्या पुन्हा भरमूच्या दुकानात गेल्या. "नवं मासं नको. मला काच पुसायचं काय असंल ते दाव. माजा हात आत जाणार न्हाय असं."

भरमूने काउंटरवर वस्तू मांडल्या. अक्काताई स्टुलावर बसल्या आणि कारखान्यात पाने निवडायला बसल्यासारख्या एकेक वस्तू उलटीपालटी करून बघू लागल्या.

पहिले होते लांब दांड्याचे पाते, दाढीच्या ब्लेडसारखे. "ह्यानं काचेवरचं सगळं खरवडून निघतंय," भरमू म्हणाला.

"कोपऱ्यात काय? तिथं डिंकानं काचा चिकटवल्यात. ते पातं डिंक कापंल की. घरभर रंकाळा हुईल."

"हे बरोबर बोललासा. कोपऱ्याला लावायचं न्हाय. आन् वापरून पुसलं न्हाय तर गंजतंय."

"म्हातारपणी ध्येनात न्हाय ऱ्हायलं तर? नको. दुसरं."

दुसरा दांड्याला लावलेला स्पंज. तो त्यांनी बोटाने दाबला. कोपऱ्याला आणि तळाला चालेल, पण शेवाळ वाळून घट्ट बसले तर घासायला जोर पाहिजे आणि लांब दांड्याने जोर येत नाही. तरी तो त्यांनी एका बाजूला ठेवला. तिसरे, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. भरमूला वाटले, हेच पटेल.

अक्काताईंनी मोजा हातात घेतला आणि परत ठेवला. "हा घालायचा कुठल्या हातानं?"

"म्हंजे?"

"ह्याच हातानं न्हवं? म्हंजे तंबाखू मोज्याच्या बाहेरनं लागणार. मोजा आत, माजा तंबाखूबी आत. दिसायला लई सोयीचं हाय, भरमू, खरं मला न्हाय चालायचं."

भरमूने मोजा बघितला, मग त्यांच्याकडे बघितले. पंधरा वर्षे तो मोजे विकत होता. "आक्का, तुमी हितं दुकानात बसा, मी बिड्या वळतो."

शेवटी त्याने चुंबकाची जोडी काढली. दोन तुकडे. एक काचेच्या आतून, एक बाहेरून. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्या मागे फिरतो आणि त्याच्या खालची खरखरीत पट्टी शेवाळ काढते. त्याने दुकानातल्या टाकीवर करून दाखवले. अक्काताई पुढे वाकल्या. बाहेर माणसाचा हात, आत कोणाचाच नाही, आणि काच स्वच्छ होत होती.

"हे कसं चिकटतंय?"

"काच किती जाड त्यावर हाय. पातळ काचंला मोठं चुंबक लावलं तर निघता निघत न्हाय, बोट सापडलं तर चेंगरतंय. जाड काचंला बारकं लावलं तर आतला तुकडा पडतोय. तुमची काच किती जाड?"

अक्काताई घरी गेल्या. मोजपट्टी युवराजच्या पेटीत कुलूपबंद होती. त्यांनी बिडीचे एक कोरे पान घेतले, बायाक्काला टाकीच्या वरच्या कडेला धरायला लावले आणि काचेच्या जाडीएवढी खाच कात्रीने कापली. ते पान घेऊन त्या परत आल्या. भरमूने खाचेला पट्टी लावली. "सहा मिलिमीटर. मधलं चुंबक." मग ते पान तो बघत राहिला. कापलेली खाच इतकी सरळ होती, की त्याने ते काउंटरच्या काचेखाली ठेवून दिले.

"आतला तुकडा मी हात लावणार न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "पयल्यांदा टाकायचा तरी कसा?"

भरमूने तो स्वच्छ धुतला, त्याला नायलॉनचा दोरा बांधला आणि कोऱ्या पिशवीत घातला. पिशवी बाहेरून धरून तुकडा पाण्यात सोडायचा, दोऱ्याचे टोक टाकीबाहेर लोंबत ठेवायचे. तुकडा कायम आतच राहू द्यायचा. "आन् आक्का, दिवा किती वेळ लावताय?"

"दिवसभर. अंधारात घाबरत्यात म्हणून."

"त्यास्नी न्हाय, शेवाळाला अंधाराचं भ्या. तुमी शेवाळाला उजेड घातलासा."

त्या दिवसापासून दिवा संध्याकाळीच लागू लागला. चुंबक मात्र लगेच वश झाले नाही. अडतीस वर्षांची हाताची सवय घाईची. पहिल्याच दिवशी त्यांनी बाहेरचा तुकडा झर्रकन ओढला, आतला सुटला आणि तळाच्या वाळूत पडला. त्यांनी दोऱ्याने तो वर ओढला आणि तसाच काचेला लावला. पट्टीत वाळूचा एक कण अडकला होता. पुढच्या काचेवर, खालच्या बाजूला, कपाळावरच्या चंद्रकोरीएवढा ओरखडा उठला. तो कशानेच निघाला नाही. त्यानंतर त्यांनी नेम केला. तुकडा वाळूत पडला तर तो आधी पाण्यातच दोऱ्याने हलवून घ्यायचा. वाळूपासून चार बोटे वरपर्यंतच चुंबक, खाली दांड्याचा स्पंज. स्पंज बायाक्का धरायची, कारण बोलता बोलता दांड्याबरोबर हातही पाण्यात कधी जाईल याचा भरवसा नसतो. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोघींचा हा कार्यक्रम चाले.

"हळू गं. वरातीत चालल्यागत," बायाक्का म्हणायची. "देवाला प्रदक्षिणा घालतीस तशी घाल."

हळू करायला त्या शिकल्या. काच वरून खाली, मग आडवी. श्रावण लागेपर्यंत टाकी इतकी स्वच्छ झाली, की मासे हवेत तरंगत आहेत असे वाटे. फोनवर रचना विचारायची, "मासं बरं हाईत न्हवं?" आणि अक्काताई म्हणायच्या, "तू ये, मग बघ." पुढचे बोलणे जिभेवर येऊन थांबायचे. मेलेल्याची गोष्ट फोनवर सांगू नये असे त्यांनी ठरवले होते, युवराजलाही तसे बजावले होते. ते समोर उभे राहून सांगायचे होते.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. रचना उतरली. हातात हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर. मागून केदारी उतरले. त्यांच्या पायाशी पाण्याचे चार रिकामे कॅन होते. अक्काताईंची नजर त्या कॅनवर गेली आणि तिथेच राहिली. टाकी न्यायची तयारी करूनच पाहुणे आले होते.

युवराजची त्या दिवशी सुट्टी होती. तो पाय धुवायला पाणी घेऊन आला. अक्काताई दारातच उभ्या राहिल्या.

"पावणं, आत या. पण बसायच्या आधी एक ऐका. रचना, तू बी ऐक. दोन मासं गेलं."

रचना थांबली.

"मोरपंखी आन् अबोली. आखाडातल्या बुधवारी. काच हिरवी झालती, मला बरं दिसंना. तू लिवून ठेवलंवतंस हात लावू नका, तरी मी हात घातला. तंबाखूचा हात. पानाच्या फडक्यानं पुसलं. माज्या हातानं गेली ती."

रचना पायही न धुता टाकीपाशी गेली. तिने वाकून एकेक मासा बघितला. स्वच्छ काचेपलीकडे सातजण फिरत होते. तिचा चेहरा अक्काताईंना दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती.

"तसल्याच दोन भरमूकडं मिळाल्या असत्या," अक्काताई मागून म्हणाल्या. "बायाक्का म्हणत हुती. पण तू वळखलं असतंस."

"वळखलं असतं," रचना म्हणाली. मग ती वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली नव्हती. "आत्ती, चमचा मी का ठेवला म्हाईत हाय?"

"आता कळलं."

"मला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं. आप्पांनी लगीन ठरल्यावरच सांगितलंतं, तंबाखूच्या घरात मासं जपाय पाहिजेत. पण घरात येऊन दोन म्हैनं न्हाईत झालं, आन् सासूच्या हाताला नाव कसं ठेवायचं? त्याच हातांनी तुमी ह्यांना वाढवलं. म्हणून नुसतं चमच्यानं घाला असं लिवलं. कारण लिवायचं धाडस न्हाय झालं. ते कारण सांगाय लागू नये म्हणूनच मी टाकी परत न्यायची म्हणत हुते."

महिनाभर अक्काताई ज्याला परकेपणा समजत होत्या, ती भीड निघाली होती.

"अगं, तोंडानं सांगायचं की," त्या म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं व्हय तुला?"

"खाल्लं नसतं. लागलं असतं तुमाला."

"चमचाबी लागलाच की!"

केदारी मोठ्याने हसले. "विहीणबाई, हिचं लई मनावर घेऊ नका. हिनं मासं पाळाय घेतलं त्या पयल्या वर्साला काय केलंतं ठाव हाय? मागावरचं तुटकं सूत घेऊन काच पुसली. मऊ असतंय म्हणून. सुताला ताठ करायला आमी पेजेसारखी खळ लावतो, ती सगळी पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी टाकीत ताक! एकबी मासा वाचला न्हाय. आठ दिवस जेवली न्हाय ही."

"आप्पा!" रचना म्हणाली. अक्काताईंनी तिच्या तोंडून एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"आप्पा काय? खोटं हाय का?"

चहा झाला. रचनाने टाकीजवळ बसून चुंबक फिरवून बघितले, ओरखड्यावरून बोट फिरवले, दोरा का बांधला ते विचारले. अक्काताईंनी मोज्याचे, पात्याचे, पानाच्या खाचेचे सगळे सांगितले. सांगताना त्यांचे हात हवेत फिरत होते आणि रचना मध्येच "थांबा, मोजा का नको म्हणालासा?" असे विचारून पुन्हा ऐकत होती.

"खरं आत्ती, ही जागा बरी न्हाय," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या सुपातनं उडतंय ते टाकीतच पडतंय."

"म्हणून मी ठरवलंय. सूप परड्यात नेणार."

"परड्यात पाऊस. आन् उजेड हाय कुठं? तुमची जागा दारातच ऱ्हाऊ दे." ती उठली. "आप्पा, कॅन आणा."

रचनाने मधल्या खोलीतले कपाट हाताने दाखवले. "हे तिकडं सरकवलं की टाकी हितं मावती. पाणी तेवढं कॅनमदी काढून ठेवूया, मासंबी. परत तेच पाणी घालायचं."

पाणी काढायला तास लागला. तोवर युवराजने कपाट सरकवले. तळाशी दोन बोटे पाणी आणि वाळू तेवढी राहिली. केदारी एका कोपऱ्याला, युवराज दुसऱ्याला, रचना तिसऱ्याला. चौथा कोपरा मोकळा होता. अक्काताई हात मागे बांधून भिंतीशी उभ्या होत्या.

"आई, धर की गं," युवराज म्हणाला.

"मी न्हाय. माजं हात…"

"आत्ती, बाहेरनं धरा," रचना म्हणाली. "काचेच्या बाहेरनं काय हुतंय?"

तरीही अक्काताई मोरीत गेल्या, साबण लावून दोनदा हात धुऊन आल्या, पदराला पुसले आणि चौथा कोपरा बाहेरून घट्ट धरला.

"सावकाश," केदारी म्हणाले. "उंबरा हाय."

चौघांनी पाय उचलून उंबरा ओलांडला आणि टाकी मधल्या खोलीत आली.